काडीला न पेटलेली

जरा कान देऊन ऐका, मी बाटलीच्या तळाशी उरलेली काळी बियर बोलतेय. माझी बाटली होडीत इकडून तिकडे गडगडतेय, आणि होडी सहदेवच्या हातात आहे.

माझा जन्म वेंगुर्ल्यात, मेल्विनाच्या परसातल्या खोलीत झाला. बेल्जियमला हॉटेलात कामाला असताना ही बाई तिथली कडक बियर करायला शिकली. तिने जव काळे होईपर्यंत भाजले, माडाचा गूळ घातला आणि बाटलीत थोडं जिवंत यीस्ट ठेवून मला महिनोन्महिने अंधारात निजवलं. म्हणून मला मनुका-खजुराचा वास आहे आणि फेस सायीसारखा दाट. साध्या बियरच्या दुप्पट जोर असूनही मी जिभेला तो कळू देत नाही. याचा मला फार तोरा होता.

नाताळात मेल्विनाने मला सहदेवला भेट दिलं. तो तिला ताजे मासे आणून देतो. "सहदेवा, रातीक जेवल्यार घे, घोटाघोटान. कडक आसा," तिने बजावलं.

आज तिन्हीसांजेला जाळी काढायला निघताना त्याने मला बंदरावरच उघडलं. इथे दारूचा जोर काडी लावून बघतात. काजूची चांगली दारू लगेच निळी पेटते. त्याने मला थोडं झाकणात ओतलं, काडी लावली. काडी विझली.

"ह्याच्यात काय दम नाय," तो बायकोला म्हणाला. "पोरांचा सरबत."

"मेल्विनाबाय कडक म्हणाली मां? परत इल्यार घेवा," यमुनाबाई म्हणाली.

तो हसला आणि सरबतासारखंच मला घटाघटा प्यायला. घसा जळलाच नाही, मग थांबणार कसा? बियर कितीही कडक असली तरी काडीला पेटत नाही. मी जळत नाही, मी हळूहळू चढते.

आधी तो गाणं म्हणत होता. मग शब्द अडखळायला लागले. जाळ्याची खूण दाखवणारे तरंगते बोये डावीकडून मागे गेले, ते त्याला दिसले नाहीत. इंजिनाच्या दांड्यावरचा हात सैल पडलाय. मला भीती वाटतेय. त्याच्या पोटात गेलेली मी आता माझंही ऐकत नाही. समोर खडकांवर लाटा फुटतायत. तुम्ही कोणी किनाऱ्यावर असाल तर त्याला हाक मारा, जोरात मारा.

होडीत पडलेला फोन वाजतोय. यमुनाबाईचा आहे.

"इलंय गो, इलंय," सहदेव पुटपुटतो आणि डोळे मिटतो.

इंजिन चालूच आहे.