तिवसकर आउटफिटर्सची दोन गिऱ्हाइकं

नरेंद्र तिवसकरांना शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या कंपनीत लागून अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं ते आपला डबा आपल्याच टेबलावर, ड्रॉइंगं बाजूला सारून खात होते. त्यांना कुणी वाळीत टाकलं होतं असं नाही. लंचरूममध्ये खिडकीजवळ एक लांब टेबल होतं. तिथे त्यांचे साहेब हॅरॉल्ड आणि आणखी तिघे बसत आणि बारा महिने तेरा काळ शिकारीवर बोलत. तिवसकरांच्या डब्यात मेथीची भाजी. आता मेथीची भाजी पुढ्यात घेऊन माणसानं अशा टेबलावर बोलायचं तरी काय? सुरुवातीला एकदोनदा ते जाऊन बसले, हसण्यासारखं काही नसताना हसले, आणि मग काम फार आहे असं सांगून जे परतले ते परतलेच.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मात्र एका बुधवारी कॉफी ओतून घेता घेता त्यांच्या कानावर एक ओळखीचा शब्द पडला. ते चौघे यंदा पहिल्यांदाच लांब, वायोमिंगच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जायचं म्हणत होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. त्यासाठी चांगला आउटफिटर कसा शोधायचा यावर खल चालला होता. हॅरॉल्डचं म्हणणं, सगळं काही आउटफिटरवर असतं. वाईट भेटला तर माणूस डोंगरात गारठून मरायचा.

तिवसकर कप हातात घेऊन जागच्या जागी थांबले. हे त्यांना अगदी मनापासून पटलं होतं.

"माझे वडील आउटफिटर होते," ते म्हणाले. "चाळीस वर्षं."

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. अमरावतीत तिवसकरांच्या वडिलांच्या दुकानावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'तिवसकर अँड सन, जेंट्स आउटफिटर्स' असं लिहिलेलं होतं. आपल्याकडे आउटफिटर म्हणजे कोट-पाटलोणी शिवणारा, जरा इंग्रजी पाटी लावलेला शिंपी. अमेरिकेत मात्र आउटफिटर म्हणजे घोडे, तंबू, वाटाड्या आणि आचारी पुरवून लोकांना रानात शिकारीला नेणारा माणूस. हा फरक शॉमबर्गमध्ये त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हता, आणि तिवसकरांना तर नव्हताच नव्हता. त्यांना वाटलं, मंडळी गरम कोटांबद्दल बोलताहेत.

आणखी एक. तिवसकरांनी हे वाक्य अमेरिकेत आल्यापासून कुणापुढे उच्चारलं नव्हतं. महाराष्ट्र मंडळात सगळे डॉक्टरांचे, वकिलांचे आणि हेडमास्तरांचे मुलगे. तिथे कुणी विचारलंच तर तिवसकरांचे वडील 'बिझनेसमध्ये' असत. इंग्रजीत आउटफिटर म्हटल्यावर तोच धंदा कसा भारदस्त वाटला, म्हणून पटकन तोंडून गेलं.

टेबलावरच्या चौघांनी माना वळवल्या. मग प्रश्न सुरू झाले, आणि तिवसकरांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर खरंखुरं दिलं, हीच तर सगळी पंचाईत. गाव कुठे होतं? मेळघाटच्या डोंगरांजवळ. तिथे वाघ आहेत का? आहेत. वडिलांकडे कोण लोक येत? कलेक्टर, फॉरेस्ट ऑफिसर, एकदा एका संस्थानिकाचे धाकटे बंधू. आधी नाव नोंदवावं लागे? दोन दोन महिने आधी, आणि तरीही वडील निम्म्या लोकांना परत पाठवत. शेवटी एड नावाच्या तरुण इंजिनियरनं आवाज खाली आणून विचारलं, की चाळीस वर्षांत वडिलांनी कधी एखादं गिऱ्हाईक गमावलं का.

"दोनच," तिवसकर अभिमानानं म्हणाले. "एक फॉरेस्ट ऑफिसर आणि एक मुनसफ. दोघंही अंगानं जाड, आणि कितीही सांगितलं तरी सरळ उभे राहत नसत. वडिलांचा काही दोष नव्हता."

एडनं शेजारची खुर्ची ओढून दिली. तिवसकर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मेथीच्या भाजीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि शुक्रवारी हॅरॉल्डनं एक जाडजूड पाकीट त्यांच्या हाती ठेवलं. सगळ्या आउटफिटरांची माहितीपत्रकं त्यात आहेत, म्हणाला, आमच्यापेक्षा तुला कळतं, तूच एक निवड.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिवसकरांनी ते पाकीट उघडलं आणि कोट शोधू लागले. कोट नव्हतेच. घोडे होते, तंबू होते, बर्फाचे डोंगर होते, आणि मेलेल्या एल्कच्या शिंगांना धरून हसणारी माणसं होती. शेवटी त्यांनी मुलीला, दीपाला हाक मारली. दीपा पंधरा वर्षांची, जन्मानं शिकागोची. मराठी तिला सगळं कळे पण तोंडातून निघे इंग्रजी. तिनं दोन पानं चाळली. "बाबा, ही इज नॉट अ टेलर," ती म्हणाली, आणि मग आउटफिटर म्हणजे काय ते तिनं सावकाश समजावून सांगितलं.

तिवसकरांनी बुधवारच्या संभाषणातलं एकेक वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. ते वाघापर्यंत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला. मुनसफापर्यंत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई ओट्याला टेकून इतक्या हसल्या, की कणीक तशीच राहिली. "म्हणजे मामंजींनी दोन माणसं वाघाच्या तोंडी दिली असं अख्खं ऑफिस समजतंय," त्या म्हणाल्या. "आणि वर तुम्ही सांगितलंत, की जाडे होते."

सोमवारी गेल्या गेल्या खरं सांगून टाकायचं असं तिवसकरांनी ठरवलं. वाक्यही इंग्रजीत तयार करून ठेवलं. पण सोमवारी ते लंचरूममध्ये शिरले तर त्यांची खुर्ची आधीच बाहेर ओढून ठेवलेली होती. एवढंच. त्या ओढलेल्या खुर्चीपुढे तयार केलेलं वाक्य राहूनच गेलं. तिवसकरांना ती खुर्ची हवी होती. बढती मिळाली तेव्हा किंवा घर घेतलं तेव्हाही त्यांना कुठली गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती, आणि पन्नाशीच्या माणसाला एका खुर्चीचं इतकं वाटावं याची त्यांना लाजही वाटत होती.

सांगायचं नाही, तर मग निवडायला तरी हवं. सुहासिनीबाईंनी सुचवलं, मुलीसाठी स्थळ बघतात तशी चौकशी करा. पण तिवसकरांना दुसरंच आठवलं. दुकानात नवा कारागीर ठेवायचा झाला, की त्यानं शिवलेला कोट वडील कधी वरून बघत नसत. आधी अस्तर उलटून आतली शिवण बघत. मग म्हणत, चांगले झालेले कोट कुणीही दाखवील, तुझा बिघडलेला कोट दाखव. बिघडलेला कोटच नाही म्हणणाऱ्याला ते चहा पाजून वाटेला लावत.

तेव्हा तिवसकरांनी पाकिटातली सगळ्यांत बरी वाटलेली तीन पत्रकं काढली आणि फोन लावले. प्रश्न एकच. तुमच्याकडून रिकाम्या हातानं परत गेलेल्या माणसाचं नाव द्या.

पहिला म्हणाला, असा माणूसच नाही, आमच्याकडे यशाची हमी आहे. तिवसकरांनी आभार मानून त्याचं पत्रक बाजूला ठेवलं. दुसरा चिडला आणि विचारू लागला, की तुम्ही नक्की कोणाकडून बोलताय. तिसरा टॉलिव्हर नावाचा गृहस्थ. तो म्हणाला, गेल्या वर्षी चौदांपैकी सहाजण तसेच गेले, घ्या लिहून, आणि त्यानं तीन नावं नंबरांसकट सांगितली. वर त्यानंच उलटतपासणी सुरू केली. सगळ्यांत वयस्कर कोण? गुडघे कसे आहेत? वजनं किती? मी एक फॉर्म पाठवतो, म्हणाला, त्यात प्रत्येकाची उंची, वजन आणि पायाचं आतून घेतलेलं माप भरून पाठवा, त्यावरून मी घोडा आणि रिकिबीची लांबी ठरवतो. माप आल्याशिवाय मी कुणाला घोडा देत नाही.

तिवसकर फोन धरून खुर्चीवरून उठून उभे राहिले. हुबेहूब असंच वाक्य त्यांनी कित्येक वर्षं दुकानात ऐकलं होतं, फक्त घोड्याच्या जागी कापड होतं. त्यांनी त्या तीन रिकाम्या हातांच्या माणसांनाही फोन केले. तिघांपैकी दोघे म्हणाले, की शिकार मिळाली नाही, पण आम्ही पुन्हा त्याच्याकडेच जाणार.

लंचरूममध्ये तिवसकरांनी टॉलिव्हरचं नाव सांगितलं आणि ते का निवडलं तेही सांगितलं. बिघडलेल्या कोटाचा भाग तेवढा गाळला. चौघांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. वाघाच्या मुलखातल्या आउटफिटरचा मुलगा, त्याला न कळून कुणाला कळणार, असा तो एकंदर भाव होता. तिवसकरांना त्या दिवशी भाजी गोड लागली नाही.

पंधरा दिवसांनी फॉर्म आला. हॅरॉल्डनं पेन काढून आपल्या पँटवरचा नंबर आठवून लिहायला सुरुवात केली, आणि तिवसकरांच्यानं राहवेना. तयार पँटवरचा नंबर म्हणजे माप नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली वडिलांची टेप आणली. पिवळी पडलेली, टोकाला पितळेची पट्टी असलेली टेप. वडील गेल्यावर अमरावतीहून आणलेली ती एकच वस्तू होती.

त्यांनी हॅरॉल्डला भिंतीशी उभं केलं. टेप गळ्यात टाकली, पेन्सिल कानावर खोचली, एका गुडघ्यावर बसले आणि जांघेपासून घोट्यापर्यंत दोन झटक्यांत माप घेऊन आकडा न बघताच बोटानं धरला. हॅरॉल्डनं पोट आत ओढलं होतं. तिवसकरांनी दोन बोटांनी त्याच्या पाठीला हलकंसं टोचलं आणि ते पोट आपोआप बाहेर आलं. मग एडचं माप, मग उरलेल्या दोघांचं. चौघांचं पाच मिनिटांत उरकलं. त्यांचे हात असे चालले होते, जसे ड्रॉइंगवर अकरा वर्षांत कधी चालले नव्हते.

"नॅरेन," हॅरॉल्ड म्हणाला, "हे तू कुठे शिकलास?"

तिवसकर गुडघ्यावरच होते. जंगलात शिकलो म्हणून सांगता आलं असतं. घोड्यांसाठी मापं घ्यावी लागत म्हणून सांगता आलं असतं, आणि कुणाला शंकाही आली नसती. पण त्यांच्या हातात ती टेप होती, आणि ज्याची टेप त्यालाच वाघाच्या रानात हाकलून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. उभ्या आयुष्यात त्यांनी बापाला एकदाही लबाडी करताना पाहिलं नव्हतं.

"माझे वडील शिंपी होते," ते उठत म्हणाले. "आमच्याकडे शिंप्याला आउटफिटर म्हणतात. वाघ त्यांनी कधी पाहिलासुद्धा नाही. ते कोट शिवत, फार सुंदर शिवत."

तिवसकरांनी टेप गुंडाळायला घेतली. आपला डबा उचलून आपल्या टेबलाकडे किती पावलं पडतील याचाही अंदाज त्यांनी घेतला.

एडच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. त्यानं विचारलं, की मग त्या फॉरेस्ट ऑफिसरचं आणि मुनसफाचं काय झालं.

"समोरच्या दुकानात गेले," तिवसकर म्हणाले.

आधी एड फुटला, मग बाकीचे दोघे. एड तर टेबलावर डोकं टेकून हसला. गेले तीन आठवडे आपण घरी बायकोला त्या दोघांच्या मरणाची हकिकत सांगतोय, आणि दर वेळी वाघ थोडा थोडा मोठा होतोय, हे त्यानं तिथेच कबूल केलं.

हॅरॉल्ड तेवढा हसला नाही. तो फॉर्मकडे बघत होता. टॉलिव्हरनं चार माणसांसाठी पाच ओळींचा फॉर्म पाठवला होता, आणि पाचवी कोरी होती. हॅरॉल्डनं तिच्यावर बोट ठेवलं. तिवसकर घाईघाईनं सांगू लागले, की मी बंदूक धरणार नाही, मांस खात नाही, घोड्यावर तर जन्मात बसलेलो नाही. हॅरॉल्ड म्हणाला, बंदूक तुला देतंय कोण? ज्यानं माणूस निवडला त्यानं बरोबर यायला नको?

मग त्यानं तिवसकरांच्या हातातून टेप काढून घेतली, उलटी धरली, आणि गुडघा कुरकुरत असताना त्यांच्यासमोर खाली बसला. अमरावतीच्या दुकानात हजार माणसांची मापं पाहिलेल्या 'अँड सन'चं माप वडील गेल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. तिवसकरांना एकदम भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून ते खिडकीकडे वळू लागले.

"हलू नकोस," हॅरॉल्ड खालून म्हणाला. "सरळ उभा राहा. तिसरा गमवायचा नाहीये आपल्याला."