तिसऱ्या सिलिंडरची भिंत

साखळी ताणली, कप्पी करकरली आणि पिकअपच्या हौद्यातला इंजिनाचा बिडाचा काळा ब्लॉक हळूहळू वर उचलला गेला. ओझं उतरताच गाडीची मागची बाजू चांगली चार बोटं वर आली. पुढच्या सीटवर बसलेला रॉइस टॅकेटही गाडीबरोबर हलला, पण मागे वळून बघायचं नाव नाही. समोरच्या काचेतून दिसणाऱ्या नांगरलेल्या शेताकडे तो असं मन लावून बघत होता, की तिथे जणू शर्यतच चालली आहे.

"उतरत नाही का तो?" वेंडेल स्कॅग्जने साखळी सावरत विचारलं.

"पाठ धरलीय त्याची," रॉइसची बायको ग्लेंडा हलक्या आवाजात म्हणाली.

वेंडेलने मान डोलावली. पाठबीठ काही धरलेली नाही, हे त्याला कळत होतं. आणि त्याला ते कळतंय, हे तिलाही कळत होतं.

वीस वर्षांपूर्वी रॉइस आणि वेंडेल एकाच वर्कशॉपात, एकाच टेबलावर डबा खाणारे भागीदार. टेकडीमागच्या शर्यतीच्या पट्टीवर शनिवारी ज्या गाड्या धावत, त्यांतल्या निम्म्यांची इंजिनं या दोघांच्या हातची असत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, दिवा हिरवा व्हायचा आणि मैलाचा आठवा हिस्सा संपेपर्यंत बघणाऱ्याने श्वास धरून ठेवला तरी चालायचं. असल्याच एका शनिवारी रॉइसच्या इंजिनात सिलिंडरची भिंत फुटली, भिंतीमागचं थंडाव्याचं पाणी मागच्या टायरांखाली सांडलं आणि गाडी घसरत कडेच्या कठड्यावर गेली. रॉइसच चालवत होता, गळ्याजवळचं हाड मोडण्यावर निभावलं. पण रॉइस म्हणाला, वेंडेलने सिलिंडर रुंद करायला बोअर करताना भिंत नको इतकी खरवडली. वेंडेल म्हणाला, रॉइसने इंजिन नको इतकं पिळलं. खरं काय ते त्या फुटक्या ब्लॉकलाच ठाऊक. तो भंगारात गेला आणि त्याच्यामागोमाग भागीदारीही. तेव्हापासून इंजिन रॉइस आपल्या शेडमध्ये एकटा बनवी आणि गाडी ग्लेंडा चालवी. खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा चांगली चालवी.

गेल्या शरद ऋतूत नॉक्सव्हिलच्या डॉक्टरने रॉइसच्या हातांच्या थरथरीला एक नाव दिलं. ते नाव घरात कोणी उच्चारत नव्हतं. हिवाळ्यात त्याने पिस्टनला रिंगा चढवायला घेतल्या. एक मोडली, दुसरी मोडली, तिसरी मोडल्यावर त्याने शेडचा दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं. पुन्हा म्हणून तिकडे फिरकला नाही. दिवसभर टीव्हीसमोर बसून तो हवामानाच्या बातम्या बघायचा, आणि पेरणी तर सोडाच, त्यांच्या दारात साधी कुंडीसुद्धा नव्हती.

ग्लेंडाला शर्यतीचं काही पडलं नव्हतं. साठी ओलांडलेली बाई, ट्रॉफ्या ठेवायला फडताळात जागा उरली नव्हती. तिला आपला नवरा परत हवा होता. नाकावर राग घेऊन हिंडणारा, जेवताना एका थाऊवरून, इंचाच्या हजाराव्या भागावरून, हुज्जत घालणारा. तो इंजिनाच्या शेडबाहेर कुठे सापडायचा नाही, हे ती ओळखून होती. म्हणून तिने मनाशी ठरवलं आणि त्याला सांगून टाकलं, की ब्लॉक वेंडेलला दाखवते, नाहीतर शर्यतीची गाडी विकते. "दाखव," एवढंच तो म्हणाला. पण ती निघाली तेव्हा आपण होऊन गाडीत येऊन बसला. तिने त्यातच अर्धी लढाई जिंकल्यासारखं मानलं होतं, आणि आता तो पठ्ठ्या सीटवरून हलायला तयार नव्हता.

वेंडेलने ब्लॉक स्टँडवर चढवला, दिवा आत घालून एकेक सिलिंडर बघितला आणि दुसऱ्याशी थांबला. आत नख अडकेल एवढा ओरखडा होता.

"हा ब्लॉक संपला, एवढं खरवडायला भिंतच नाही उरली," तो म्हणाला. "माझ्याकडे एक नवा आहे. शर्यतीसाठीच ओतलेला, भिंती जाड. यात सहाशे बत्तीस घन इंचांचं इंजिनसुद्धा बसतं. हल्ली सगळे तेवढंच मागतात. विचार त्याला, किती हवंय."

ग्लेंडा बाहेर गेली. काच खाली करवून तिने निरोप सांगितला. जुनं इंजिन चारशे शहाण्णवचं होतं, आणि आकडा मोठा तेवढी ताकद मोठी.

"सहाशे बत्तीस," रॉइस शेताकडे बघत म्हणाला. "त्याला म्हणावं, गाडी चालवायचीय, विमान नाही उडवायचं."

ती आत येऊन तसंच्या तसं बोलली. वेंडेलच्या मिशा जरा हलल्या. बरं तर, पाचशे पासष्ट, असं त्याने सांगून पाठवलं. त्यावर रॉइसचं म्हणणं आलं की पाचशे चाळीस, एक इंचही जास्त नाही. पिस्टन वरखाली करणारा क्रँक दोन्हींना तोच लागतो, फरक फक्त सिलिंडर किती रुंद करायचा याचा, आणि रुंदी वाढवायची म्हणजे भिंत तेवढी पातळ करायची. जे लोखंड आज कापलं नाही ते उद्या कामी येतं, असं त्याने ऐकवलं. वेंडेलने उलट कळवलं की गाडी जड आहे, तिला ओढायला ताकद लागते, आणि एवढी जाड भिंत काय लोणच्यासारखी मुरायला ठेवायचीय? टपाल इकडून तिकडे चाललं होतं. दोन्ही म्हातारे एकमेकांपासून तीस पावलांवर आणि मधे चिखल तुडवणारी ग्लेंडा. पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. चौथ्या फेरीला तर रॉइसने मान वळवून वर्कशॉपच्या दाराकडे पाहिलं. बुडबुडे दिसायला लागले, आता पाणी उकळणार, असं तिला वाटलं.

आणि तिथेच तिच्या हातून चूक झाली. वेंडेलने सरळ मनाने विचारलं होतं, जुळणी कोण करणार? रिंगा वगैरे रॉइस बसवणार की मी? आणि तिने तो प्रश्न न चाळता तसाच बाहेर नेला.

रॉइसने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

"त्याला जे करायचं ते करू दे," तो म्हणाला. "पासष्ट म्हणतो तर पासष्ट. बत्तीस म्हणाला तरी चालेल."

"पण भिंत—"

"करू दे म्हटलं ना, ग्लेंडा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने देवाचे आभार मानले असते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने कोणाचं काही निमूट मान्य केलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिच्या आईने केलेल्या बिस्किटांतसुद्धा त्याने पहिल्याच भेटीत सोडा जास्त झाल्याचं सांगितलं होतं. ती वळली, वर्कशॉपच्या दारापर्यंत गेली, चौकटीला टेकून जरा उभी राहिली. आत वेंडेल पाठमोरा होता, जुन्या ब्लॉकवरची धूळ फडक्याने पुसत होता. तिने त्याला काही सांगितलं नाही. तशीच मागे फिरली.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. म्हणून काचेशी वाकून तिने ते पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं.

"वेंडेल म्हणतो, नवा ब्लॉक कशाला? जुन्यातच बक्कळ मांस आहे म्हणे. सगळे सिलिंडर अजून चाळीस थाऊ काढतो, ओरखडा निघून जाईल, आणि वर लांब क्रँक टाकतो."

रॉइसने तिच्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच, नीट.

"कोणता जुना? हा?"

"हाच."

"तिसऱ्याला भिंत उरलीय का त्याच्या? आधीच सगळ्यात पातळ तीच. आणि त्यात बसणार कोण?"

"मीच की," ग्लेंडा म्हणाली.

दार इतक्या जोरात उघडलं, की तिला बाजूला व्हावं लागलं. पाय भरून आले होते म्हणून तो पहिल्यांदा अडखळला, मग चिखलातून सरळ निघाला. आडवातिडवा नाही, नाकासमोर. ग्लेंडा मागून जवळजवळ धावत गेली. पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं, की आता आपलं पितळ उघडं पडणार. पडलं तर पडलं, निदान तो उतरला तरी.

रॉइस दारातून आत शिरला तेव्हा त्याने राम राम केला नाही की काही नाही. वीस वर्षांचं मौन त्याने शिवीपासूनच मोडलं, आणि ती शिवी इथे लिहिण्यासारखी नाही.

"अक्कल कुठे गहाण टाकलीस?" तो म्हणाला. "त्या ब्लॉकातून अजून चाळीस थाऊ काढणार? एकदा पाहिलंस ना काय होतं ते? की तेवढ्याने भागलं नाही? या वेळी माझी बायको आहे आत."

वेंडेल फडकं हातात धरून उभा राहिला. असलं बोलणारा मिस्त्री त्या परगण्यात दुसऱ्या दिवशी तोंड दाखवू शकला नसता, आणि तो तर असलं काही बोललाच नव्हता. त्याने रॉइसच्या खांद्यावरून मागे ग्लेंडाकडे पाहिलं. ती जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत होती, लहान मुलीसारखी. तिने मान वर केली नाही.

वेंडेलने फडक्याला हात पुसले. बोटन् बोट पुसलं. मग फडकं घडी करून खिशात खोचलं.

"बोललो खरा," तो म्हणाला. "मला वाटलं, असेल जागा."

"वाटलं. मोजलीस?"

"नाही मोजली."

"मग बोलतोस कशाला? कुठाय तुझं यंत्र? आण, दाखवतो मोजून."

वेंडेलने कपाटातून जाडी मोजायचं यंत्र आणून टेबलावर ठेवलं. मुठीएवढा डबा, त्याला वायर आणि वायरीच्या टोकाला पेनाएवढी कांडी. ती भिंतीला लावून स्थिर धरली, की डब्यावर भिंतीची जाडी उमटते. रॉइसने सिलिंडरच्या आत थोडं जेल चोपडलं, कांडी उचलली आणि तिसऱ्यात घातली. अजून तो बोलतच होता. पाचशे चाळीस, नव्या ब्लॉकात, आणि भिंतीला उगाच हात लावायचा नाही. गाडी जड आहे म्हणतोस तर गिअर बदल. एवढं साधं डोक्यात येऊ नये?

मग तो बोलायचा थांबला. डब्यावरचे आकडे नुसते नाचत होते. एक उमटायचा, पुसला जायचा, दुसरा यायचा. त्याने दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं, तरी कांडी बिडावर टिकटिकत राहिली. तेवढाच आवाज वर्कशॉपभर ऐकू येत होता. ग्लेंडाला वाटलं, आता हा कांडी टाकणार, हात खिशात घालणार आणि गाडीत जाऊन बसणार. वेंडेल जागचा हलला नाही. मदतीला हातही पुढे केला नाही.

रॉइसने कांडी बाहेर काढली. तिच्याकडे बघितलं. मग ती वेंडेलच्या पुढे धरली.

"हात थरथरतो माझा," तो म्हणाला. "तू धर. मी आकडा वाचतो."

वेंडेलने कांडी घेतली आणि ब्लॉकवर वाकला.

"मग मोठ्याने वाच," तो म्हणाला. "मला हल्ली ऐकू येत नाही."

सकाळपासून ग्लेंडा त्याच्याशी कुजबुजल्यासारखंच बोलत होती, बाहेर रॉइसला ऐकू जाऊ नये म्हणून. वेंडेलने एकदाही तिला "काय?" म्हणून विचारलं नव्हतं.

रॉइसने घसा खाकरला आणि पहिला आकडा वाचला, अगदी ओरडून.