महिपतरावांची बायपास

खोटं बोलायलासुद्धा अंगात धमक लागते, महिपतरावांकडे तीही नव्हती, असं त्यांच्या बायकोचं, कलावतीचं, स्पष्ट मत होतं. ते अर्धंच खरं बोलले आणि उरलेलं लोकांवर सोडून मोकळे झाले.

फाल्गुनात नौपाड्यातल्या एका दवाखान्यात त्यांची बायपास झाली. पोटाची. वजन एकशे अडतीस किलो, झोपेत श्वास अडकायचा, पायाची नखं बायकोने कापायची, अशी अवस्था झालेली. डॉक्टरांनी जठराची छोटीशी पिशवी केली आणि आतडं वळवून तिला जोडून दिलं. एवढे लोक करून घेतात, लाजायचं काय त्यात? पण डोंबिवलीला घरी आल्यावर जिन्यातच शेजारच्या विनीतने विचारलं, "काका, कसलं ऑपरेशन?" आणि हे म्हणाले, "बायपास." विनीतचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला. महिपतरावांनी नुसती मान खाली घातली. झालं, तेवढ्यावर काम भागलं.

त्या दिवसापासून काय तो मान! ज्या ऑफिसात वीस वर्षं 'मालगाडी आली' म्हणून खिदळायचे, तिथे साहेब स्वतः उठून खुर्ची द्यायला लागले. पोटाचं ऑपरेशन म्हणजे खादाड माणूस. काळजाचं म्हणजे संसाराचं ओझं वाहून थकलेला बिचारा कर्ता पुरुष. बिचारा! ह्या कर्त्या पुरुषाने लग्नाच्या पंगतीत एका बैठकीला अठरा जिलब्या हाणलेल्या कलावतीने मोजल्या होत्या. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि हे मूठ उघडायला तयार नव्हते.

शिवाय जे मिळेल असं वाटलेलं, ते मिळालंच नाही. ऑपरेशनच्या आधी कॉलेजातला कबड्डीच्या संघातला फोटो काढून आरशाच्या कडेला खोचला होता. सहा महिन्यांत तोच गडी परत येणार म्हणे. चव्वेचाळीस किलो उतरले, पण आलं कोण? गाल बसलेला, केस गळालेला, पोटावरची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबणारा म्हातारा. एकदा डॉक्टरांना विचारतात, "पोट गेलं ते ठीक, पण खांदे कशाला उतरले?" जसं काही डॉक्टरांनी यादी करून, इथली चरबी काढा, तिथली राहू द्या, असं सांगितलेलं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, प्रोटीन घ्या, घास तीस वेळा चावा. व्यायाम सोडून बाकी सगळं केलं.

दवाखान्यात महिन्यातून एकदा पेशंटची बैठक असायची. बायका पुढे बसून घडाघडा बोलायच्या, कोणाला गोड खाल्लं की घाम सुटतो, कोणाला रात्री रडू येतं. पुरुष मागच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. त्यातल्या चांगदेवांनी वजन उतरल्याचं कारण सासुरवाडीला कावीळ सांगितलेलं, दुसऱ्या एकाने योगासनं. "तुमची आयडिया बेस्ट," चांगदेव महिपतरावांना म्हणाले. "खोटंही नाही आणि इज्जतही राहते." कलावतीला तिथेच हसू फुटलं. पोट कापून घ्यायला हे वाघ, आणि सांगायला शेळ्या.

इथपर्यंत तिने सगळं हसण्यावारी नेलं. मग नवरात्रात गुणाजी आले.

गुणाजी म्हणजे महिपतरावांचे थोरले भाऊ, अकरा वर्षांनी मोठे, संगमेश्वराकडे गावी राहणारे. बाप गेला तेव्हा त्यांनी शाळा सोडून नांगर धरला, म्हणून महिपतराव ठाण्याला येऊन शिकले. टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घ्यायचं म्हणून ते तिसऱ्या माळेला आले, ते अनवाणी. कलावतीला त्यात काही वाटलं नाही. नवरात्रात निम्मं ठाणं अनवाणी फिरतं. ती त्यांच्याबरोबर गेली. ऑक्टोबरचं ऊन, तापलेला डांबरी रस्ता, पण म्हातारा रिक्षात बसेना. देवीपुढे डोळे मिटून एवढा वेळ उभा राहिला की मागच्यांनी ढकलायला सुरुवात केली.

घरी आल्यावर गुणाजी पाय धुवायला बसले आणि कलावतीला त्यांची टाच दिसली. कडेने फाटलेली, चिरेत मळ भरलेला, आणि एक बाजू काळपट पडलेली.

"भावोजी, हे दुखत नाही?"

"नाय गो. काय कळतच नाय."

गुणाजींना पंधरा वर्षं साखरेचा आजार होता. तिच्या मामाचा पाय असाच, न दुखता, गुडघ्यापासून गेला होता.

"दसरा झाला की लगेच चप्पल घाला हं."

"नवरात्राचं नाय हे," गुणाजी म्हणाले. "महिपतच्या काळजाचं ऑपरेशन झालं कळलं, त्याच दिवशी गावच्या देवीला बोललोय. भाऊ बरा होऊन तुझ्या पायऱ्या चढंपर्यंत पायात काय घालणार नाय. फाल्गुनापासून चाललंय. तो आला की सुटंल."

कलावती तशीच आतल्या खोलीत गेली. महिपतराव गादीवर बसून प्रोटीन ढवळत होते. गावी जायचं ते का टाळतात, हे तिला आत्ता नीट उमगलं. देवीचा मान त्यांच्या घराण्याकडे. नारळ द्यायचा तो सोवळं नेसून, उघड्या अंगाने. गावातल्या रवींद्राची खरी बायपास झालेली, गळ्याखालपासून पोटापर्यंतचा व्रण सगळ्या गावाने पाहिलेला. ह्यांच्या छातीवर काय होतं? केस. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"ऐकलंत ना बाहेरचं?" ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगा. त्यांचा पाय सडतोय."

"काय सांगू? तोंड आवरत नव्हतं म्हणून पोट कापून घेतलं?"

"हो. तेच."

"अगं, गावात हसतील. अख्खी भावकी नाव ठेवील मला."

"ठेवू दे. तुम्हाला काय पहिल्यांदाच ठेवतायत?"

महिपतराव पेला ठेवून उठले. "बरं, बोलतो मी दादाशी," म्हणाले, आणि कलावतीला वाटलं, चला, एवढं तरी पौरुष शिल्लक आहे. ती दारात उभी राहून ऐकायला लागली.

महिपतराव भावाच्या शेजारी बसले. गुणाजींनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला, बरगड्या लागल्या तसा जरा थांबवला.

"छाती कशी हाय रे आता?"

आणि त्या माणसाने छातीला हात लावला. खरोखर लावला.

"तशी बरी आहे, दादा. पण पायऱ्या अजून सहा महिने नको म्हणालेत. तू आपला नवस सोडून दे. देवी काय एवढी कडक नसते."

"असं कसं सोडू?" गुणाजी म्हणाले. "सहा महिने तर सहा महिने. तू जीवाला जप."

महिपतरावांनी सुस्कारा सोडला. आपण प्रयत्न केला, भाऊच ऐकत नाही, असा तो सुस्कारा होता. कलावतीला तो नुसता ऐकून शिसारी आली. तेहेतीस वर्षं ह्या माणसाबरोबर काढली, रागावली, रडली, पण किळस कधी आली नव्हती. ती आज आली.

ती पुढे झाली. "भावोजी, यांना सदरा काढायला सांगा."

"कलावती!" महिपतराव म्हणाले.

"काढा. घरातच आहात."

गुणाजींनी दोघांकडे पाहिलं. थोरल्या भावाने नुसतं "काढ" म्हटलं, आणि सत्तावन्न वर्षांच्या महिपतरावांचे हात बटणांकडे गेले. सदरा उतरला, मग बनियन. लोंबणारी कातडी, तिच्यात पाच बारीक डाग, बोटाच्या टोकाएवढे. गुणाजींनी चष्मा लावला. भावाच्या छातीवरून बोट फिरवत गेले, गळ्यापासून खाली, परत वर.

"काळीज कुठनं उघडलं मग?"

"काळजाला हातच लावला नाही," कलावती म्हणाली. "पोट लहान केलंय. खाणं थांबत नव्हतं म्हणून. काळीज पहिल्यापासून ठणठणीत आहे."

"दादा, मी बायपासच म्हणालो होतो," महिपतराव घाईघाईने म्हणाले. "बायपासच झालीय. मी खोटं काही बोललो नाही. काळजाचं तुम्हीच सगळे धरून चाललात."

गुणाजींनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. भिंतीला धरून उठले, लंगडत दारापाशी गेले आणि कपाटातल्या चपलांकडे पाहत उभे राहिले.

"महिपत, तुझी चप्पल दे."

महिपतरावांनी दोन्ही हात तोंडापुढे धरले, मोठा भाऊ मारणार म्हणून पोरं धरतात तसे.

"हात खाली घे," गुणाजी म्हणाले. "मारायला नाय. घालायला पायजे."