पुलावरचा एकटा माणूस

मनोरमाबाईंनी पुस्तक फाटकन मिटलं आणि शेजारच्या सीटवर आपटलं.

"काय झालं, आई? वाचा ना पुढे," गाडी चालवता चालवता मालविका म्हणाली. "धुक्याचा भाग तर आत्ता कुठे सुरू झाला."

"डोळे दुखतात."

डोळ्यांना काहीही झालं नव्हतं. पुढच्या सीटवर बसलेल्या भास्कररावांनी मग पुढचं वाक्य तोंडपाठच म्हणून दाखवलं. "स्टिअरिंगवर माझी गोठलेली बोटं, समोर धुकं, आणि साऱ्या जगात मी एकटा."

"वा, बाबा!"

चाळीसएक वर्षांपूर्वी भास्करराव जर्मनीत हॅनोव्हरला संशोधन करत होते. तेव्हाच्या रेगेन्सबुर्गच्या प्रवासावर त्यांनी हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. मालविकाने ते कॉलेजात वाचलं होतं, लेखकाच्या घरची सून होण्याच्या कितीतरी आधी. आता सासू-सासरे हॅनोव्हरला तिच्याकडे राहायला आले, तशी तिने नवऱ्याला मुलांपाशी ठेवून हा बेत आखला. तोच रस्ता, तेच गाव आणि सोबत खुद्द लेखक.

आणि मागच्या सीटवर, थर्मास नि दशम्यांच्या डब्याच्या जोडीला, लेखकाची बायको. म्हणजे जिने ती गाडी चालवली होती ती. भास्कररावांना गाडी येतच नव्हती, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. डोळ्यांमुळे सोडली, असं ते लोकांना सांगत. त्या धुक्यात काचेला नाक लावून गाडी हाकली मनोरमाबाईंनी, आणि साऱ्या जगात एकटा असलेला हा माणूस मागे तोंड उघडं टाकून घोरत होता. पुस्तकात बायको नावालासुद्धा नाही. आभारांत मुद्रितं तपासणाऱ्याचं नाव आहे, मुखपृष्ठ करणाऱ्याचं आहे. इतकी वर्षं त्यांनी ते गिळलं, कारण विचारलंच नव्हतं कुणी. पण जिला असं सफाईने गाडी चालवताना पाहून त्यांचा ऊर भरून येत होता, त्या सुनेलाही हे ठाऊक नसावं, याचा त्यांना आज मनस्वी संताप आला.

"आल्झो, चला, पाय मोकळे करू या," म्हणत मालविकाने हायवेवरच्या एका हॉटेलापाशी गाडी थांबवली आणि ती कॉफी आणायला गेली.

"अहो, आज तिला सांगा."

"काय?"

"तेव्हा मी होते ते."

भास्करराव मफलर सारखा करत हसले. "अगं, प्रवासवर्णनाला एकटा माणूस लागतो. संसार घेऊन निघालं की त्याची सहल होते."

"पुस्तक बदला म्हणत नाही मी. घरातल्या एका मुलीला खरं सांगा म्हणतेय. नाहीतर मी सांगेन, आणि मग मला ताळतंत्र राहायचं नाही."

"बरं, बाई. पुलावर पोचलो की सांगतो."

रेगेन्सबुर्गच्या दगडी पुलावर भणाणा वारा होता. मालविकाने सासऱ्यांना कठड्यापाशी उभं केलं आणि मोबाइल धरून ती चार पावलं मागे सरकली.

"आई, जरा बाजूला होता का? बाबा एकटेच हवेत. पुस्तकातल्यासारखे."

मनोरमाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्या जागच्या हलल्या नाहीत. नवऱ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

"राहू दे तिला," भास्करराव म्हणाले. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "मालविका, आजवर कुणाला बोललो नाही. तेव्हा हीसुद्धा होती बरं का माझ्याबरोबर."

मोबाइल खाली आला. "काय सांगता! अख्खा रस्ता?"

"अख्खा रस्ता. मागे गाढ झोपली होती बिचारी. ते धुकंबिकं काही पाहिलं नाही हिने. म्हटलं, दमलीय, कशाला उठवा."

मनोरमाबाईंनी त्यांचा चेहरा निरखला. त्यावर लबाडी असती तर बरं झालं असतं. तिथे होती ती माया. सभासंमेलनांतून तोच उतारा वाचता वाचता ह्या माणसाला ती गाडी आपण चालवल्याचं खरोखरच आठवू लागलं होतं.

"किती गोड, बाबा!" मालविकाने सासूचा हात हातात घेतला.

मनोरमाबाईंनी तो सोडवून घेतला. आवाज त्यांनी चढू दिला नाही.

"मालविका, ह्यांना विचार, क्लच कुठल्या पायाने दाबतात."

काहीतरी गंमत आहे असं समजून मालविका हसत सासऱ्यांकडे वळली. भास्कररावही हसले आणि त्यांनी उजवा पाय किंचित उचलला. मालविकाचं हसू मावळलं, तसा तो खाली ठेवून त्यांनी डावा उचलला.