बायझाकच्या यंत्रातलं पाणी

पहाटे पावणेसहाला मी नळी उभी धरली आणि तिच्या तोंडाखाली शाळेतलं मोजपात्र धरलं. साडेचार मिलिलिटर पाणी निघालं. चहाच्या चमच्यापेक्षा थोडं कमीच. पण एवढंसं पाणी रात्री नळीच्या खोलगट भागात बसून, घोडा ओढ्यावर पाणी पितो तसा आवाज करत होतं, आणि अधूनमधून त्याचा एखादा शिंतोडा माझ्या नवऱ्याच्या नाकात जात होता.

माझा नवरा बायझाक आमच्या नारिनहून राजधानीला, बिश्केकला मिनीबस नेतो. यंदा शरदात दोलोन घाटाखाली मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या म्हणून त्याने गाडी थांबवली. मेंढ्या गेल्या, मेंढपाळ गेला, मागे राहिलेला कुत्राही गेला. बायझाक स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, झोपेत श्वास अडतो, तासाला एक्केचाळीस वेळा. त्यांनी एक यंत्र दिलं. ते नळीतून आणि मास्कमधून दाबाने हवा आत ढकलतं. अट अशी की तीसपैकी एकवीस रात्री, निदान चार तास, मास्क तोंडावर हवा. नोंद यंत्र स्वतःच ठेवतं. नोंद भरली तर गाडी चालवण्याचा कागद मिळणार, नाहीतर किल्ल्या परत.

"किल्ल्या गेल्या तर मी करू काय?" बायझाक म्हणाला. "आपाची लोकर पिंजत बसू?"

आपा म्हणजे त्याची आई. ती चुलीजवळ लोकरच पिंजत होती. "पिंजायला अक्कल लागते," ती म्हणाली.

पहिल्या चार रात्री त्याने यंत्राची पाण्याची डबी कोरडीच ठेवली. पाणी आणि वीज जवळ नकोत, असं त्याचं म्हणणं. कोळशाच्या चुलीने आमची हवा आधीच सुकलेली, त्यात यंत्राचा वारा. मध्यरात्रीपर्यंत त्याचं नाक आतून कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, गोळीसारखं टणक व्हायचं आणि मास्क उशीखाली जायचा. मग मी शिकवते त्या शाळेच्या प्रयोगशाळेतून ऊर्ध्वपातित पाणी आणून डबी भरली. हवा ओलसर झाली, नाक सुधारलं. पण मध्यरात्रीच चुलीतले कोळसे विझतात, खोली अकरा अंशांवर येते, नळी गार पडते आणि तिच्यातल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. नाकात शिंतोडा गेला की मास्क पुन्हा उशीखाली; आणखी दोन रात्री वाया गेल्या. ते साडेचार मिलिलिटर याच पाण्याचे.

नळी गरम कशी ठेवावी, यावर मी एक संध्याकाळ कागदावर आकडेमोड केली. तेवढ्यात आपाने नळीला नमद्याची, दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, बाही शिवून टाकली. तांबड्या नमद्यावर मेंढ्याच्या शिंगांची पांढरी नक्षी. दुसऱ्या सकाळी मोजपात्रात तीन थेंब पडले. बायझाक साडेसहा तास झोपला होता. मी आपाला तसं सांगितलं.

"मेंढीच्या अंगाला हिवाळ्यात पाणी सुटतं का?" ती म्हणाली. "एवढं शिकलीस, पण मेंढीकडे बघितलं नाहीस."

त्या बाहीमुळेच पुढचा घोळ झाला. इतकी नक्षी केल्यावर ती कुणाला दाखवायची नाही, हे आपाला जमेना. नवी सून, नवं बाळ, नवी वस्तू बघायला जाताना आमच्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. लोक मोजे घेऊन आले, मुरंबा घेऊन आले. बायझाक घरातल्या मानाच्या जागेवर आडवा व्हायचा, मास्क लावायचा आणि सगळे चहा पीत त्याला बघायचे.

"जिवंत आहे ना?" शेजारच्या सैराने पहिल्या दिवशी विचारलं.

"घोरत नाही, म्हणजे शंकाच आहे," आपा म्हणाली.

मग कुणीतरी विचारलं, डबीत पाणी कुठलं? मी सांगितलं, वाफ करून ती परत थंड केलेलं, क्षार नसलेलं. सैराने माझ्याकडे दयेने बघितलं. "अगं बुरुल, म्हणजे मेलेलं पाणी. नवऱ्याला मेलेलं पाणी पाजतेस?"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण आपापल्या झऱ्याचं पाणी घेऊन येऊ लागला. आणलेलं पाणी नाकारणं म्हणजे माणसाला दारातून परत पाठवणं. बायझाक प्रत्येकाचं थोडं थोडं डबीत ओतायचा. सैराच्या पाण्याने डबीच्या तळाला पांढरा थर धरला. तिच्या दिराने आणलेलं पाणी गंधकाचं होतं. त्या रात्री बायझाकला वाटलं, आपण उकडलेल्या अंड्यात झोपलोय. तिसऱ्याने पाण्यात उग्र वासाच्या जुनिपर झुडपाची डहाळी बुडवून आणली होती. तीनही रात्री एक वाजायच्या आत मास्क उशीखाली.

"नाही म्हणा," मी म्हणाले.

"म्हणतो. उद्या म्हणतो."

"काल पण उद्याच म्हणालात."

"काल सैरा होती ना. तिने मोजे आणले होते."

अठराव्या रात्रीनंतर सकाळी मी नोंद वाचून दाखवली. नऊ रात्री भरल्या, नऊ वाया. आता उरलेल्या बाराच्या बारा भरायला हव्यात. बायझाकने खिडकीतून आपल्या मिनीबसकडे बघितलं. तिच्या टपावर वीतभर बर्फ साचलं होतं.

त्याच दुपारी तायाके आले. तायाके म्हणजे बायझाकचे मामा असांकान, वय अठ्ठ्याहत्तर. आत-बाशी गावाहून आले होते, सोबत वीस लिटरचा दुधाचा कॅन. दुधाचा, पण आत पाणी.

"हिमनदीच्या पायथ्याचं आहे," ते म्हणाले. "हे पिऊन माझा बाप शंभरीपर्यंत घोरला."

आपाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बायझाकला आडवा केला, मास्क लावला, यंत्र सुरू केलं. तायाकेंनी बाही निरखली, मान हलवली, बाह्या सरसावल्या आणि कॅनचं झाकण उघडलं. मी चहाची किटली हातात धरून उभी होते.

मास्कमधून बायझाक काहीतरी बोलला. ऐकू आली ती फक्त हवा.

"काय म्हणतोय?" तायाकेंनी विचारलं.

"आभार मानतोय," आपा म्हणाली.

बायझाकने जोरजोराने मान हलवली आणि पुन्हा बोलला. मास्कच्या कडेने शिट्टी वाजली.

"फार आभार मानतोय," आपा म्हणाली. "लहानपणापासून हळवाच आहे."

तायाकेंनी डबी बाहेर ओढली. त्यातलं मी सकाळीच भरलेलं पाणी चहाच्या वाडग्यात ओतून टाकलं आणि कॅन तिरका केला.

बायझाक उठून बसला. त्याने पट्टे सोडवून मास्क काढला. हातातल्या मास्कमधून वारा सुटला होता, तायाकेंची दाढी एका बाजूला उडत होती, पण मास्क दुसरीकडे वळवायचं त्याला सुचलं नाही. त्याचा चेहरा मास्कच्या वळांनी तांबडा झाला होता. आधी त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग मामांचं मनगट दोन्ही हातांनी हळूच धरलं.

"तायाके," तो म्हणाला, "तुमच्या पाण्याचा आपण चहा करू, सगळे मिळून पिऊ. पण माझ्या यंत्रात आजपासून फक्त बुरुल आणेल तेच पाणी जाईल. दुसऱ्या कुणाचंही नाही. तुमचंसुद्धा नाही."