उघडेल त्यानेच बंद करायचा

धाकट्याने मोटर वर उचलायचं बटण दाबलं. पंप गुणगुणला. मोटर तसूभरही हलली नाही.

त्याने पुन्हा दाबलं. तोच आवाज, तेच ढिम्म धूड. बोटीच्या मागच्या फळीला लटकलेली ती मोटर चिखलात पंखा रुतवून बसली होती आणि खाडीचं पाणी ओसरत चाललं होतं. बोटीचा तळ सपाट होता, गुडघाभर पाण्यातही ती तरंगली असती. पण मोटर वर उचलल्याशिवाय ती नांगरल्यासारखीच होती. पाणी पूर्ण गेलं की पुढची भरती येईपर्यंत दोघांनी इथेच बसायचं.

धाकट्याला तेवढी सवड नव्हती. संध्याकाळची प्रवासी बोट त्याला आणि त्याच्या बायकोला पलीकडच्या शहरात नेणार होती. तिथल्या वर्कशॉपमध्ये उद्या सकाळी हजर नसलास तर जागा दुसऱ्याला, असं मालकाने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून तो सासऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये राबत होता, सासऱ्यांच्या माडीवर राहत होता, सासऱ्यांना भूक लागेल तेव्हा जेवत होता. लोक तोंडावर जावईबापू म्हणत आणि पाठ वळली की घरजावई. आज हे संपणार होतं. बॅगा धक्क्यावर पोचल्या होत्या.

"अति घाई संकटात नेई," पुढच्या टोकाला बसलेला थोरला म्हणाला.

थोरला म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. तोही त्याच वर्कशॉपमध्ये होता, फक्त तो तिथे मुरला होता. कामगार त्याला कासव म्हणत आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

"दादा, टोमणे धक्क्यावर गेल्यावर मारा."

"टोमणा कसला? रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं ते म्हणालो. आडवाट कोणी धरली?"

आडवाट धाकट्यानेच धरली होती. गिऱ्हाइकाच्या मोटरला इंजिन थंड ठेवणारा नवा वॉटर पंप बसवून चाचणीची फेरी मारायची होती. फेरी झाली आणि परतताना वेळ वाचवायला त्याने मोठा प्रवाह सोडून या उथळ फाट्यात बोट घातली.

थोरल्याने हत्यारांची पेटी उघडली. बॅटरीच्या तारा सोडल्या, टोकं पॉलिश पेपरने घासली, पुन्हा आवळल्या. मग पंपाला करंट जोडणाऱ्या रिलेचं झाकण काढलं आणि वर घेणाऱ्या रिलेची जागा खाली नेणाऱ्याला दिली. प्रत्येक स्क्रू झाकणात नीट मांडून ठेवत होता.

"दाब."

धाकट्याने दाबलं. पंप गुणगुणला.

"दादा, पंप फिरतोय. म्हणजे करंट पोचतोय. मग तारा कशाला घासताय?"

"क्रमाने जायचं असतं."

"क्रम मलाही पाठ आहे. आवाज ऐका ना. पंपावर भारच नाही, रिकामं जातं फिरवावं तसा फिरतोय. एक तर पंपात तेल नाही, नाहीतर..." तो थांबला.

"मग तेलच बघू," थोरला घाईघाईने म्हणाला. त्याला घाई करताना धाकट्याने कधी पाहिलं नव्हतं.

"तेलाचं बूच मोटर वर असल्याशिवाय उघडता येत नाही. तेल बघायचं तर मोटर वर हवी आणि मोटर वर घ्यायची तर तेल हवं. आणि काल ते मी स्वतः भरलंय, काठोकाठ."

काठावरच्या खुंटावर पाण्याचा ओला पट्टा रुंद होत होता.

उरत होता रिलीज व्हॉल्व्ह. मोटरच्या ब्रॅकेटला बाजूने एक भोक असतं, त्याच्या आत मोठा स्क्रू. तो सैल केला की दाब निघून जातो आणि मोटर हाताने वर-खाली करता येते. घट्ट केला की ती पुन्हा पंपाच्या ताब्यात. या स्क्रूबद्दल सासऱ्यांचा, म्हणजे घरादाराच्या बाबांचा, एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण झाडू मारणाऱ्यालाही पाठ होता: उघडेल त्यानेच बंद करायचा. दुसऱ्याच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. पूर्वी कधीतरी एका कारागिराची बोटं वरून आलेल्या मोटरखाली चेंगरली होती, तेव्हापासूनचा हा दंडक. त्यामुळे त्या वर्कशॉपमध्ये 'व्हॉल्व्ह बघितलास का?' असं विचारणं म्हणजे समोरच्याची लायकी काढणं होतं.

धाकट्याने विचारलं नाही, सरळ आरोपच केला.

"मघाशी मी रिव्हर्स टाकला तेव्हा मोटर उसळून वर आली आणि धाडकन आपटली. व्हॉल्व्ह बंद असता तर अशी नाचली असती? तुम्हीही पाहिलंत. तुम्हीच उघडा ठेवलात. मी जाऊ नये म्हणून."

"एवढं डोकं असतं तर मी कासव राहिलो असतो?"

"मग बंद करायचं सोडून तारा काय घासत बसलात?"

थोरला पॉलिश पेपरची घडी घालत राहिला.

धाकट्याने लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, मागच्या फळीवर पोट टेकून ओणवा झाला आणि चाचपडत भोक शोधलं. स्क्रू सैलच होता. आवळत गेला तेव्हा कुठे तो घट्ट बसला. बटण दाबताच पंपाचा आवाज जड झाला, चिखलाने चुळूक करून पंखा सोडला आणि मोटर काळा गाळ गाळत वर आली.

दोघांपैकी कुणालाच हायसं वाटलं नाही.

"बाबांनी उघडला," थोरला म्हणाला. "सकाळी बॅटरी चार्जिंगला होती. मोटर खाली घ्यायला त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, ते मी लांबून पाहिलं. बंद केला का ते बघायला निघालो होतो, तेवढ्यात तुझ्या बॅगा माडीवरून उतरवायला हाक आली. मग राहून गेलं."

"बाबा विसरतील? बाबा?"

"वर्षभर विसरताहेत. गॅस, नळ, कुलूप, व्हॉल्व्ह. मी मागून फिरतो आणि एकेक बंद करत जातो. त्यांचाच नियम मोडून. म्हणून तर माझं सगळं सावकाश होतं."

"घरात कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. हिलाही सांगितलेलं नाही. गावभर नियम शिकवणारा माणूस, त्याचं हसं झालेलं त्याला सोसणार नाही."

"मग मलाच का सांगितलंत? तेही आज?"

"मी कुठे सांगत होतो? मी तारा घासत होतो. तुझी नजर हटली की गुपचूप बंद करणार होतो. तू नजर हटवलीच नाहीस."

धाकटा चिखलात उतरला. मांडीपर्यंत रुतत त्याने बोट ढकलली, थोरल्याने वल्ह्याने रेटली. खोल पाणी लागलं तशी मोटर खाली घेतली. धक्का दिसू लागला तेव्हा थोरला म्हणाला, "मी काही थांब म्हणणार नाही. तुझं तू बघ."

प्रवासी बोट अजून धक्क्याला होती. बायको बॅगांजवळ आणि शेजारी सासरे, निरोप द्यायला आलेले.

"कुठे अडकलात? माझा जीव टांगणीला!" बायको म्हणाली.

"मोटर वर येईना. व्हॉल्व्ह उघडा राहिला होता."

"कोणी ठेवला?"

"मी," धाकटा म्हणाला.

"तुम्ही? झालं! आता बाबांचं भाषण ऐकूनच निघावं लागणार."

सासऱ्यांनी बोट उगारून नियम सांगितला, कारणासकट, चेंगरलेल्या बोटांसकट. धाकट्याने चिखलाच्या पायांनी उभं राहून तो ऐकून घेतला. थोरला दोर बांधत होता, एकाच खुंटाला गरजेपेक्षा जास्त वेढे देत.

"उद्या सकाळी लवकर ये," सासरे शेवटी म्हणाले. "नीट शिकवतो तुला."

"बाबा, उद्या आम्ही तिकडे!" बायको हसली.

"तिकडे कुठे?" त्यांनी खाली पाहिलं. "आणि या बॅगा कोणाच्या? येण्याजाण्याच्या वाटेत कुणी ठेवल्या?"

तिचं हसू विरलं. त्यातली मोठी बॅग सकाळी त्यांनीच माळ्यावरून काढून, पुसून तिच्या हातात दिली होती. तिने थोरल्याकडे पाहिलं. तो अजून दोरच बांधत होता.

प्रवासी बोटीचा भोंगा वाजला. धाकट्याने मोठी बॅग उचलली.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "व्हॉल्व्ह कोणी उघडा ठेवला होता?"

बोटीवर चढायची फळी ओढायला आलेला खलाशी त्यांच्याकडे बघत उभा होता.

"बाबांनी," धाकटा म्हणाला आणि बॅग खाली ठेवली.

सासऱ्यांनी ती लगेच उचलली आणि वाटेतून बाजूला, भिंतीला नीट टेकवून ठेवली.