प्रभूची वेळ आणि हेमराजची कलमं

माझा भाऊ हेमराज याला प्रभू येशू नेमका कधी येणार ते ठाऊक नाही, पण लवकर येणार एवढं पक्कं ठाऊक आहे. तेवढ्या माहितीवर त्याने आमच्या आष्टीच्या मंडळीची निम्मी कामं अडवून धरली होती. प्रार्थनाघराला संडास बांधायचं ठरलं, तेव्हा हा उभा राहून म्हणाला, "प्रभू दारात येऊन राह्यला अन् तुमी संडास बांधता?" झालं, संडास राहिला. बायका उपासनेच्या मधून उठून शेजारच्या सीताबाईच्या घरी जायच्या. भिंतींना रंग द्यायचा होता, तोही राहिला. प्रार्थनाघर उभं आहे हेमराजच्या जागेत, त्याच्या संत्र्याच्या बगीच्याला लागून. आमचे पास्टर रूपेश राहतात तेही हेमराजच्याच खोलीत. तेव्हा प्रभूच्या येण्याबद्दल हेमराजशी वाद घालायची कोणाची छाती होणार?

मी नलू, त्याची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर भावाकडे आले ती इथलीच झाले. माझ्या जिभेला लगाम बसावा म्हणून मंडळीत एकदा खास प्रार्थना झाली होती. तिचं उत्तर यायचं होतं.

हेमराजची एकुलती एक मुलगी दीपमाला, इथल्याच दवाखान्यात नर्स. आई गेली तेव्हापासून बापाचा चहा, बापाची रक्तदाबाची गोळी, रविवारचा पांढरा शर्ट, सगळं तिच्याकडे. स्वतःची ड्युटी करून ती हे करायची आणि तोंड वाकडं करायची नाही. तिशी उलटली तरी हेमराजला तिच्या लग्नाची घाई नव्हती. घाई फक्त प्रभूच्या येण्याची.

मग प्रफुल्ल आला. नालवाडीचा, वर्ध्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दीपमाला नर्सिंग शिकत होती तेव्हाची ओळख. विश्वासू घरातला, दारू पीत नाही, बोलायला गोड. हेमराजने त्याच्यात खोट शोधून पाहिली आणि ती सापडेना, तिथेच खरी अडचण झाली. डिसेंबरात प्रफुल्ल आईला घेऊन मागणी घालायला आला, तेव्हा हेमराज डोळे मिटून प्रार्थनेला बसला. इतका वेळ बसला की पाहुण्यांच्या चहावर साय धरली. मग डोळे उघडून म्हणाला, "प्रभूची वेळ आली नाई अजून."

"कधी येईन?" प्रफुल्लच्या आईने विचारलं.

"ते त्याच्या हातात हाय, ताई. आपण वाट पाहाची."

आमच्याकडे या वाक्याच्या पुढे बोलता येत नाही. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हा माणूस नाही म्हणतच नव्हता, तो प्रभूकडे बोट दाखवत होता. दीपमालाने कप उचलले आणि आत जाऊन घासत बसली. नळ सोडून रडली, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला ऐकू आलं.

त्याच आठवड्यात रविवारी त्याने मंडळीत बोध केला, तोही संत्र्यावरून. आमच्या मंडळीत कोणाचा बगीचा आहे, कोणी दुसऱ्याच्या बगीच्यात मजुरीला जातं, संत्रा सगळ्यांना कळतो. संत्र्याला बहार धरायचा तर आधी झाड ताणावर सोडतात. पाणी बंद करायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि मग वेळ साधून पाणी द्यायचं की झाड फुलतं. हेमराज म्हणाला, "देवानं आपल्याले ताणावर सोडलं हाय. पान सुकलं म्हून झाड बोंबलते का? नाई बोंबलत. तसं आपणबी नाई बोंबलाचं." पुरुषांनी आमेन म्हटलं. हे बोलताना तो लेकीकडे पाहत नव्हता. मी त्याच्याकडे पाहत होते.

जानेवारीत त्याच्या स्वतःच्या झाडांचा ताण तोडायची, पाणी सोडायची वेळ आली. तेव्हा मात्र प्रभूच्या भरवशावर बसला नाही हा. रोज सकाळी झाडाचं पान हातात घेऊन चुरगळून पाहायचा, मोबाइलवर हवामान बघायचा, कृषी केंद्रवाल्याला फोन करायचा. "एक दिवस उशीर झाला तं फांद्या वाळते, नलू," असं मलाच समजावून सांगायचा. मी म्हटलं, "मंग माणसाच्या फांद्या नाई वाळत का, दादा?" तर मोटर चालू करायची आहे म्हणून निघून गेला. सोयीच्या वेळी त्याला कमी ऐकू येतं.

उन्हाळा असाच गेला. जूनमध्ये प्रफुल्लच्या आईचा मला फोन आला. बाई बिचारी वाईट नाही, पण तिचाही जीव आहे. म्हणाली, "अमरावतीची एक पोरगी पाह्यली हाय. पोळ्यापर्यंत तुमच्याकडून काई नाई झालं तं मी तिकडं होकार देऊन टाकतो. प्रफुल्ल नाई म्हणते, पण तो किती वर्षं नाई म्हणन?" हे मी दीपमालाला सांगितलं. ती त्या वेळी बापाच्या शर्टाला इस्त्री करत होती. इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, "आत्या, मी पळून नाई जाणार. बाबांनी सगळ्यायसमोर हो म्हणाव, नाईतर नाई म्हणाव. प्रभूचं नाव मधात नाई घ्याचं."

मंडळीत लग्न लागायच्या आधी तीन रविवार उपासनेत सूचना वाचतात. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कोणाची हरकत असेल तर सांगा. दीपमाला पास्टरांकडे गेली आणि सूचना वाचा म्हणाली. पास्टर घाबरले. माणूस चांगला आहे, पण घरमालकासमोर त्यांची पवित्र शास्त्रावरची पकड ढिली पडते. म्हणाले, "हेमराजभाऊंना विचारल्याशिवाय कसं वाचू?" तेव्हा मी मध्ये पडले. दर रविवारी उपासना झाल्यावर पास्टर आमच्याकडे पातोडीची भाजी खातात, आणि ती मी करते. मी म्हटलं, "पास्टर, सूचना वाचली नाई तं पातोडी बंद. प्रभूची वेळ येईस्तोर." त्यांनी जरा विचार केला. दुसऱ्या रविवारी वाचतो म्हणाले.

आणि नेमक्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी हेमराजची कलमं आली. बगीच्यामागची जमीन पडीक होती, तिथे नवीन संत्रा लावायचा म्हणून त्याने नर्सरीतून ट्रॉलीभर कलमं मागवली होती. पाऊस पडलेला, खड्डे खोदून तयार. कलमांना सावली हवी म्हणून ती प्रार्थनाघराच्या भिंतीला लावून ठेवली, वर ओलं पोतं. दार उघडं असलं की आतून समोरच दिसायची.

रविवारी प्रफुल्ल सकाळच्या गाडीने येऊन मागच्या रांगेत बसला होता. गाणी झाली, आणि पास्टर उभे राहिले. "नालवाडीचे प्रफुल्ल आणि आपल्या मंडळीची दीपमाला यांचा विवाह योजला आहे. कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी." आवाज असा निघाला की जणू हरकत त्यांचीच आहे.

हेमराज उठला. "माही हरकत हाय."

"काय हरकत, भाऊ?"

"पोराविरुद्ध काई नाई. वेळेविरुद्ध हाय. प्रभू येऊन राह्यला. आज येईन, उद्या येईन. लग्नाचे कपडे शिवून होईस्तोर त्याच्या येण्याची तुतारी वाजली तं? अशा घडीले मांडव टाकत बसाचं का?"

दोघा-तिघांनी सवयीने आमेन म्हटलं. त्यांना वाटलं बोध सुरू झाला.

बायकांच्या बाजूने दीपमाला उठली. मी तिला पदराला धरून बसवणार होते, पण तिचा आवाज साफ होता. "बाबा, बाहीर भिंतीले काय लावून ठेवलं?"

"कलमं हाय. काऊन?"

"कायचे?"

"संत्र्याचे."

"त्याले फळ कधी येते?"

हेमराजच्या आधी सीताबाईच बोलली. तिची सगळी उमर संत्रा तोडण्यात गेली. शास्त्रातला प्रश्न विचारला की ती कधी हात वर करत नाही, आज तिला येणारा प्रश्न निघाला होता. ती खुशीत म्हणाली, "सहाव्या वर्षी."

"पाचव्यालेबी येते," पुरुषांतून एक जण बोलला.

"येते, पण तो पह्यला बहार तोडून टाका लागते. झाड बसते नाईतर."

"जमीन कशी हाय त्याच्यावर हाय. मुरमाची असन तं सातव्याले जाते."

"हेमराजभाऊची काळी हाय. सहाव्याले पक्की."

मागून कोणी कलम बांधलेला खुंट कोणता आहे विचारलं, कोणी सांगितलं की त्या नर्सरीवाल्याने मागच्या साली आपल्याला फसवलं. आमच्या मंडळीत इतकी मन लावून चर्चा मी आजवर ऐकली नव्हती. पास्टरही ऐकत होते, सूचनेचा कागद हातात तसाच. नवरा मुलगा मागच्या रांगेत घाम पुसत होता, आणि त्याच्या लग्नाचं काय झालं हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

मग एकेकाच्या ध्यानात आलं आणि आवाज बंद झाला. दीपमाला उभीच होती.

"कलमायसाठी प्रभू सहा वर्षं थांबते," ती म्हणाली. "माह्या लग्नासाठी दोन महिने नाई थांबत का, बाबा?"

हेमराजने शर्टाची कॉलर सारखी केली. तिनेच इस्त्री केलेली होती ती. "कलमायची गोष्ट येगळी हाय," तो म्हणाला.

इथे ती थांबली असती तर मला बरं वाटलं असतं. जिंकली होती पोरगी. पण ती त्याची लेक आहे, तिला खरं हवं होतं. आवाज खाली आणून म्हणाली, "तुमाले प्रभूची वाट नाई, बाबा. मी गेलो तं घरात कोण, याची भीती हाय तुमाले. तसं सांगा ना. सगळ्यायसमोर सांगा का दीपमाला, मले भेव लागते, जाऊ नको. मी नाई जात मंग. मी प्रफुल्लले आत्ता वापस पाठवतो."

प्रफुल्ल अर्धा उठून उभा राहिला होता. ती बोलली ते खरं करणारी आहे, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. हेमराज एक वाक्य खरं बोलला की पोरीचा जन्म त्याच्या गोळ्या मोजण्यात जाणार. मी डोळे मिटले आणि त्या घरात बसून जन्मात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली. म्हटलं, देवा, माझ्या भावाला खोटं बोलायची बुद्धी दे.

हेमराजने लेकीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. मग तो मंडळीकडे वळला, दोन्ही हात वर केले, आणि बोधाच्या आवाजात म्हणाला, "भावांनो अन् बहिणींनो, प्रभू आत्ता माह्याशी बोलला. त्यानं सांगतलं का वेळ झाली. माही हरकत नाई." आणि खाली बसला.

आमेन असा दणकून झाला की बाहेर बांधलेल्या बकऱ्या ओरडल्या. माझी प्रार्थना इतक्या लवकर ऐकली गेल्याचं दुसरं उदाहरण नाही.

पोळ्याच्या आधी लग्न झालं. तेव्हापासून हेमराज ही साक्ष गावोगाव सांगतो. प्रभू त्याच्याशी मराठीतच कसा बोलला, आवाज कसा होता, हे दर वेळी थोडं वाढतं. ऐकणारे डोळे पुसतात. कलमं लावून झाली, धरली छान. संडासाचा विषय पास्टरांनी पुन्हा काढला, तर म्हणाला, "बांधा, मले काऊन विचारता?"

दीपमाला आता वर्ध्याला नोकरी करते. ख्रिस्तजयंतीला येते म्हणाली होती. कोणत्या गाडीने ते सांगितलं नव्हतं, ड्युटी सुटेल तशी निघेन म्हणाली. हेमराज दुपारी जेवला तसा अंगणात खुर्ची टाकून बसला, रस्त्याकडे तोंड करून. एक एसटी आली आणि गेली. मी भाकरी थापत होते, तिथून म्हटलं, "कायले बसला दादा उन्हात? प्रभूची वेळ झाली का येईन ते."

मला वाटलं चिडेल. चिडला नाही. खुर्ची तेवढी सावलीत ओढली.

"नलू," मग म्हणाला, "त्या दिवशी प्रभू नवता बोलला मले काई."

"ठाऊक हाय मले."

"मी म्हणणार होतो का जाऊ नको. तोंडापर्यंत आलतं."

माझे हात पिठात तसेच राहिले. या माणसाला मी ढोंगी म्हणत आले, आणि तो आहेच ढोंगी. पण त्याचं सगळ्यात मोठं ढोंग लेकीसाठी होतं, आणि ते मी माझ्या प्रार्थनेच्या खात्यात जमा करून मोकळी झाले होते.

दुसरी गाडी वळणावर दिसली तसा तो खुर्चीतून उठला. गाडी थांबली, एक म्हातारा आणि दोन पिशव्या उतरल्या. तो पुन्हा बसला.

"मंडळीत नको सांगजो," म्हणाला.

मंडळीत मी कोणाला सांगितलं नाही. भाकरी झाकून ठेवल्या आणि दुसरी खुर्ची आणून त्याच्याशेजारी बसले.